भिंत चढायची खरी, पण बांधणार कोण?

(मंडळाच्या जुलै महिन्यातील मासिक कार्यक्रमात आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. मागच्या हॉलमध्ये इनडोअर क्लाइंबिंग वॉल बांधण्याचा विषय अनंत चतुर्दशीनंतरच्या सर्वसाधारण सभेपुढे येत आहे. त्या दिवशी पावसामुळे अनेकांना येता आले नव्हते, म्हणून सभासदांच्या आग्रहावरून तो स्मरणिकेत देत आहोत. – संपादक मंडळ)



आजचा विषय फलकावर वाचून एका काकूंनी मला फाटकातच गाठले. म्हणाल्या, "अहो, भिंत असली की पोरं चढतात हे ठाऊक होतं. पोरांनी चढावं म्हणून भिंत बांधायची, हे आजच कळलं!" मी म्हटले, काकू, आत येऊन बसा, तुमच्यासारख्यांसाठीच तर बोलणार आहे.

आपल्या मागच्या हॉलमध्ये पूर्वी बॅडमिंटन चालायचे. आता तिथे गणपतीचे मखर, खुर्च्या आणि नाटकाचे जुने पडदे असतात. युवक शाखेने गेल्या वर्षी अर्ज दिला की तिथे चढाईची भिंत करावी. तीन कोटेशन आली आहेत. सर्वात स्वस्त आणि सर्वात महाग यांत जवळजवळ दुपटीचा फरक आहे. पैसे तुमच्या-आमच्या वर्गणीतले आहेत. तेव्हा सभेत हात वर करण्याआधी हा प्रकार काय आहे आणि बांधणारा कसा पारखावा, हे सर्वांना कळावे म्हणून कार्यकारिणीने मला उभे केले आहे.

मलाच का, तर दोन कारणे आहेत. पहिले सर्वांना माहीत आहे. मी साताऱ्याकडचा, तरुणपणी सह्याद्रीत भटकलेला, आणि पुढे बत्तीस वर्षे इथल्या एका सरकारी कारखान्यात डिझाइन विभागात काढलेला माणूस. दुसरे कारण फार थोड्यांना माहीत आहे. अशी एक भिंत बांधणारा निवडण्यात मी यापूर्वी एकदा चुकलो आहे. ते आज सांगणार आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्या मराठी माणसाला कडा नवा नाही. सिंहगडावर घोरपडीच्या कमरेला दोर बांधून मावळे चढले ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. ती इतिहास की दंतकथा, तो वाद इतिहासकारांनी करावा. मला त्या गोष्टीत नेहमी एकच प्रश्न पडायचा, की दोर वर ज्याला बांधला आहे त्याची पकड किती भक्कम? आज मी जे सांगणार आहे ते सगळे त्या एका प्रश्नातच आहे म्हणा ना.

घरात भिंत बांधून चढायचा सराव करण्याची कल्पना तशी जुनी आहे. इंग्लंडमध्ये लीड्स विद्यापीठात डॉन रॉबिन्सन नावाच्या शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापकांनी १९६४ मध्ये एका बोळवजा जागेच्या विटांच्या भिंतीत दगड बसवून घेतले आणि विद्यार्थ्यांना त्यावर चढायला लावले. कारण साधे होते. बाहेर पाऊस आणि थंडी, सराव कुठे करणार? पुढे दगडाच्या जागी प्लाय आणि त्यावर बोल्टने बसवलेल्या पकडी आल्या. पकडी काढून हलवता आल्या की तीच भिंत दर महिन्याला नवी होते. २०१८ च्या आशियाई स्पर्धांत हा खेळ आला. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, म्हणजे जे प्रत्यक्षात २०२१ मध्ये झाले त्यात, तो पहिल्यांदा खेळला गेला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सॅम वॉटसन या अमेरिकन मुलाने पंधरा मीटरची भिंत ४.७४ सेकंदांत चढून दाखवली. आपल्याकडे २०१६ आणि २०१७ मध्ये नवी मुंबईत या खेळाची विश्वचषक फेरी झाली. आणि आपल्या या शहरात तर कंठीरवा स्टेडियममध्ये भिंत आहे, तासाभरावर रामनगरचे खडक आहेत, आणि बदामीचे लाल कडे पाहायला देशोदेशीचे प्रस्तरारोहक येतात. तेव्हा मुलांनी मागणी केली यात नवल काही नाही.

आता माझी गोष्ट. २०१६ मध्ये मी ज्या वसाहतीत राहत होतो, तिथल्या क्लबच्या इमारतीत अशीच भिंत करायचे ठरले. समितीत आम्ही पाच जण होतो. चढाई प्रत्यक्ष केलेला मी एकटाच, त्यामुळे बाकीचे माझ्या तोंडाकडे बघत. तीन कोटेशन आली. त्यातला एक फॅब्रिकेटर आमच्याच एका सभासदाच्या ओळखीचा होता. त्याने वसाहतीची फाटके आणि पाण्याच्या टाकीचा सांगाडा उत्तम करून दिला होता. दर सर्वात कमी. शिवाय आपला माणूस. मी चित्र पाहिले, दर पाहिला, आणि म्हटले, ठीक आहे. सही माझी आहे. ती फाईल अजून माझ्याकडे आहे.

भिंत दीड महिन्यात उभी राहिली. रंग सुरेख. उद्घाटनाला पेढे वाटले. पहिले वर्ष छान गेले. दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या प्लायला फुगवटे आले. बाहेरच्या खिडकीतून ओल येत होती आणि प्लाय साधा होता. मग पकडी गोल फिरू लागल्या. मुले म्हणायची, "आजोबा, ही हलते." आम्ही पाना आणून आवळायचो. काही आवळायच्याच नाहीत, कारण मागचे नटच फिरत होते. आणि मागे जायला वाटच ठेवली नव्हती! भिंत हॉलच्या भिंतीला अशी चिकटवली होती की मागे हात घालायला पुढचा आख्खा प्लाय काढावा लागे. तेव्हा आम्ही काय केले? त्या पकडीवर खडूने फुली मारली.

२०१८ च्या ऑक्टोबरमध्ये एक तेरा वर्षांची मुलगी वरून पडली. खूप उंचावरून नाही. पकड फिरली, हात सुटला, आणि ती बरोबर दोन गाद्यांच्या मधल्या फटीत उतरली. घोट्याजवळचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, प्लेट बसवली. दवाखान्यात तिची आई माझ्याशी भांडली नाही. तिने फक्त विचारले, "काका, गादी नीट होती ना हो?" मला उत्तर देता आले नाही. कारण गादीबद्दल मी कोटेशनमध्ये एक ओळसुद्धा वाचली नव्हती. वाचायला ओळच नव्हती. 'गाद्या – एक संच' एवढेच लिहिले होते, आणि मी त्यावर सही केली होती.

मंडळी, त्या फॅब्रिकेटरला मी दोष देत नाही. त्याला आम्ही जे सांगितले ते त्याने बांधले. त्याने जन्मात कधी अशी भिंत चढली नव्हती. त्याच्या दृष्टीने ती भिंत म्हणजे उभी राहिली की झाली. फाटक जसे उभे राहते तशी. पण या भिंतीवरून माणसे पडणार असतात. चुकून नव्हे, रोज पडणार असतात. सराव म्हणजे न जमणारी हालचाल पुन्हा पुन्हा करून बघणे, आणि न जमणे म्हणजे पडणे. संध्याकाळच्या दोन तासांत एक मुलगा तीस-चाळीस वेळा सहज पडतो. तेव्हा ही भिंत आणि तिच्याखालची जमीन पडणे झेलण्यासाठीच बांधायची असते. बांधणारा निवडताना एवढे एकच पाहायचे, की या माणसाने माणूस पडण्याचा विचार केला आहे का? आता ते कसे ओळखायचे, ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट. चांगला बांधणारा दर सांगण्याआधी प्रश्न विचारतो. कोण चढणार, मुले की मोठी माणसे? एका वेळी किती जण? देखरेख कोण करणार? दोर लावून चढायचे की दोराशिवाय? दोराची उंच भिंत असेल तर प्रत्येक दोराला खाली प्रशिक्षित माणूस हवा. दोराशिवायच्या बुटक्या भिंतीला, जिला बोल्डरिंग म्हणतात, दोर सांभाळणारा माणूस नको, पण गादी मात्र उत्तम हवी. आपल्याला हीच परवडणार आहे. युरोपचे ईएन १२५७२ नावाचे मानक आहे, त्याचे तीन भाग आहेत. पहिला दोराच्या भिंतींचा, दुसरा बोल्डरिंगचा, तिसरा पकडींचा. त्यातल्या दुसऱ्या भागाप्रमाणे दोराशिवायची भिंत साडेचार मीटरपेक्षा उंच नसते, आणि वर चढून उभे राहायची सोय असेल तर चार मीटरपेक्षा.

आपला हॉल सहा मीटर उंच आहे. तीनपैकी एकाने छतापर्यंत भिंत दाखवली आहे, दोर नाही. चित्र फार देखणे आहे. दुसऱ्याला आपल्या युवक शाखेच्या मुलांनी विचारले, "आम्हालाही छतापर्यंत करून द्याल का?" तो म्हणाला, "सर, दोराशिवाय एवढी उंची मी देणार नाही. काम नाही मिळाले तरी चालेल." मुले हिरमुसली. मला मात्र दवाखान्यातला तो प्रश्न आठवला.

दुसरी गोष्ट, सांगाडा. चढाईची भिंत सरळ उभी नसते, ती पुढे झुकलेली असते. चार मीटर उंचीची भिंत तीस अंशांनी झुकवली तर तिचे वरचे टोक तळापासून सुमारे २.३ मीटर पुढे येते. म्हणजे घराच्या छज्ज्याचाच मोठा भाऊ. छज्जा का पडतो हे इथल्या प्रत्येक घर बांधलेल्या माणसाला माहीत आहे. मागे धरून ठेवणारे काही नसले की तो पुढे कलंडतो. इथे तर त्या छज्ज्याला माणसे लोंबकळणार, झोके घेणार. तो ओढा शेवटी जातो कुठे? जमिनीत, स्लॅबमध्ये, की आपल्या हॉलच्या नऊ इंची विटांच्या भिंतीत? बांधणाऱ्याने हे नकाशावर दाखवले पाहिजे, आणि ते गणित त्याच्या पगारी माणसाने नव्हे तर आपण नेमलेल्या स्ट्रक्चरल इंजिनियरने तपासून सही करून दिले पाहिजे. पोलादाच्या बांधकामाला आयएस ८०० आहे, भूकंपाला आयएस १८९३ आहे. "आम्ही मजबूतच करतो साहेब" हे काही मानक नव्हे. एका कोटेशनमध्ये हॉलच्या विटांच्या भिंतीला बोल्ट मारायचे लिहिले आहे. त्या भिंतीच्या वयाची मंडळी इथे बसली आहेत. आपल्याला कोणी असे टांगून घेतले तर चालेल का, विचारा स्वतःला!

तिसरी गोष्ट, प्लाय, नट आणि पकडी. हे बारीक वाटते, पण वर्षानुवर्षे त्रास इथेच होतो. प्लाय साधारण १८ मिलिमीटरचा असतो. बाजारात साधा प्लाय आयएस ३०३ चा येतो आणि मरीन प्लाय आयएस ७१० चा. मरीनचा डिंक तासन् तास उकळत्या पाण्यातही सुटू नये अशी त्याची परीक्षा असते. शिक्का बघून घ्या, आणि तुकडा मागून घरी उकळून बघा. आमच्या पहिल्या भिंतीच्या प्लायचा तुकडा मी नंतर उकळला, तो पत्त्यांसारखा सुटला.

प्लायच्या मागून जे नट बसवतात त्यांना टी-नट म्हणतात. आठ-आठ इंचांवर बसवले तर आठ बाय चारच्या एका प्लायमध्ये ७२ होतात. ते दोन तऱ्हांचे असतात. एक हातोडीने ठोकायचे, काट्यांचे. दुसरे बारीक स्क्रूने पक्के करायचे. ठोकलेले स्वस्त, पण काटे सुटले की नट बोल्टबरोबर फिरतो. मग बोल्ट ना आवळता येतो, ना काढता येतो. म्हणून भिंतीमागे माणूस जाईल एवढी जागा आणि एक कुलपाचे दार हवेच. ज्याच्या नकाशात मागचे दार नाही, त्याने आपली भिंत दुरुस्त करायला तो स्वतः परत येणार नाही हे आधीच ठरवले आहे, असे मी समजतो.

बोल्टचेही तसेच. युरोपात १० मिलिमीटरचा बोल्ट, अमेरिकेत तीन अष्टमांश इंचाचा, म्हणजे साधारण साडेनऊ मिलिमीटर. दिसायला सारखे. एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात थोडा जातो, मग आटे घासतात आणि सगळेच बिघडते. आमच्याकडे दोन्ही मिसळले होते, आणि तब्बल दोन वर्षे कोणाच्या लक्षात आले नाही. पकडीसुद्धा दोन प्रकारच्या असतात. पॉलिएस्टर रेझिनच्या जड आणि ठिसूळ, पॉलियुरेथेनच्या हलक्या आणि कमी तुटणाऱ्या. मोठ्या पकडीला मधल्या बोल्टशिवाय बाजूला एक बारीक स्क्रू मारतात, म्हणजे ती फिरत नाही. त्या मुलीच्या हातातली जी फिरली, तिला तो स्क्रू नव्हता. बाजारात काही रुपयांना मिळतो.

चौथी गोष्ट, गादी. इथे मी थोडा वेळ घेणार आहे. तीन मीटरवरून पाय सुटला तर खाली येईपर्यंत वेग ताशी २७-२८ किलोमीटर होतो. आपल्या रस्त्यावर स्कूटर जाते तेवढा. आता थांबायचे किती अंतरात, यावर सगळे आहे. गादी १५ सेंटिमीटर दबली तर थांबताना शरीरावर सरासरी आपल्या वजनाच्या विसेकपट जोर येतो. पातळ सतरंजीसारखी गादी दोनच सेंटिमीटर दबली तर तोच जोर दीडशेपट. गुडघे वाकवून उतरले की तो कमी होतो, म्हणून मुलांना आधी पडायला शिकवतात, मग चढायला. पण गुडघे गादीचे काम करू शकत नाहीत.

चांगली गादी साधारण फूटभर जाड असते. तिच्यात दोन थर असतात. वरचा घट्ट, म्हणजे पाय रुतून मुरगळत नाही. खालचा मऊ, तो धक्का खातो. नुसता मऊ फोम घातला तर माणूस तळाला आपटतो, नुसता घट्ट घातला तर हाड मोडते. आणि सर्वात महत्त्वाचे, वरचे आवरण सलग हवे. फट नको. गादी भिंतीच्या टोकाच्याही पुढे हवी, कारण झोका घेऊन सुटलेला मुलगा सरळ खाली पडत नाही. आपली भिंत २.३ मीटर पुढे येणार, त्यापुढे आणखी गादी. म्हणजे तळापासून जवळजवळ पाच मीटर जागा गेली. तिथे खुर्च्या नाहीत, मखर नाही, नाटकाचे पडदे नाहीत. हे ज्याला मान्य नसेल त्याने भिंतीला हातच वर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तीनपैकी दोन कोटेशनमध्ये गादीचे दर धरलेलेच नाहीत. 'ग्राहकाने व्यवस्था करावी' असे तळाशी बारीक अक्षरांत आहे. गादी धरली की दुपटीचा तो फरक बराच खाली येतो. म्हणून कोटेशन मागण्याआधी आपण एकच कागद तिघांना द्यायला हवा होता. चढाईचे क्षेत्रफळ एवढे, प्लाय हा, नट हे, पकडी इतक्या, गादी अशी, वाहतूक आणि जीएसटी धरून. मग दर पाहायचे. कार्यकारिणीने तसा कागद आता तयार केला आहे, आणि तिघांकडून नव्याने दर मागवले आहेत.

पाचवी गोष्ट, जुनी कामे. चित्रे कोणीही दाखवतो. मी आणि आपले खजिनदार गेल्या तीन महिन्यांत या तिघांच्या जुन्या कामांवर जाऊन आलो. नवी कामे नव्हे, चार-पाच वर्षे झालेली. तिथल्या मालकाशी कमी बोललो, जो मुलगा पकडी धुतो आणि बदलतो त्याच्याशी जास्त. त्याला तीन प्रश्न विचारले. फिरणारे नट किती? फोन केला तर बांधणारा किती दिवसांत येतो? तपासणीची वही आहे का? एका ठिकाणी वही निघाली. वर्षातून एकदा बांधणाऱ्याची संपूर्ण तपासणी, दर महिन्याला तिथल्या माणसाची, तारखा आणि सह्या. दुसऱ्या ठिकाणी मुलगा हसला आणि म्हणाला, "सर, फोन उचलत नाहीत." तिसऱ्याचे जुने कामच नाही. तो यापूर्वी फक्त सांगाडे करत आला आहे.

आणि आम्ही आणखी एक काम केले. माझे वय अडुसष्ट. त्या मुलीच्या आईला मी अलीकडे भेटलो होतो. मंडळ पुन्हा भिंत बांधणार, सल्ला माझा घेत आहेत, हे तिला माझ्या तोंडून कळावे असे वाटले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "काका, बांधा. पण यावेळी तुम्ही आधी पडून बघा." म्हणून मी, जिथे जिथे परवानगी मिळाली तिथे, चार-पाच फुटांवरून गादीवर पडून आलो. खजिनदारांनी हसून फोटो काढले, ते सुदैवाने स्मरणिकेत छापणार नाहीत. पण सांगतो, दोन गाद्यांतला फरक कागदावर वाचून जेवढा कळला नव्हता, तेवढा एका पडण्यात कळला. एका ठिकाणी टाच थेट जमिनीला लागली.

सहावी आणि शेवटची गोष्ट, करार. एकरकमी आगाऊ पैसे नकोत. नकाशा मंजूर झाल्यावर काही, सांगाडा उभा राहिल्यावर काही, प्लाय आणि गादी बसल्यावर काही. आणि दहा टक्के एक वर्षभर हातात राखून ठेवायचे. एक पावसाळा जाऊ द्या. ताबा देताना सांगाड्याचा नकाशा, एका वेळी जास्तीत जास्त किती जणांनी चढायचे तो आकडा, जादा नट-बोल्ट, आणि आपल्या दोन मुलांना पकडी बदलण्याचे व तपासणीचे प्रशिक्षण, हे सगळे लेखी हवे. पकडींना हात घट्ट बसावा म्हणून मुले मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पूड लावतात, ती हॉलभर उडते, तेव्हा पंखे आणि खिडक्यांचाही विचार आताच करावा लागेल.

आता एक नाजूक विषय. तीन कोटेशनपैकी एक आपल्या एका जुन्या सभासदांच्या भाच्याचे आहे. मुलगा कष्टाळू आहे. ना नफा ना तोटा करून देतो म्हणतो, त्यामागची भावना खरी आहे. परवा त्या सभासदांनी मला विचारले, "दादा, आपल्या माणसाला काम द्यायचं नाही, मग मंडळ कशाला?" प्रश्न रास्त आहे. मी त्यांना एवढेच म्हटले, की भाच्याला बोलवा, आपण त्याला मागच्या दाराचा, जिन्याचा आणि कठड्याचा भाग देऊ, तो उत्तम करेल. भिंत मात्र ज्याने अशा भिंती बांधल्या आहेत, स्वतः चढून आणि पडून बघितल्या आहेत, त्यालाच द्यावी. २०१६ मध्ये मीही आपल्या माणसालाच काम दिले होते. आणि त्यावरून पडली तीही आपलीच मुलगी होती.

तिच्याबद्दल विचाराल म्हणून सांगतो. आता ती कॉलेज संपवून नोकरीला लागली आहे. चालते, धावते, थंडीत घोटा दुखतो म्हणते. ती पुन्हा कुठल्याही भिंतीवर चढलेली नाही. मी एकदा आडून सुचवून पाहिले. तिने मान हलवली आणि विषय बदलला. मीही पुन्हा काढला नाही.

मी आज कोणाचेही नाव सुचवणार नाही. नवे दर सभेच्या आठ दिवस आधी फलकावर लागतील. शेजारी आम्ही एक तक्ता लावणार आहोत. त्यात या सहा गोष्टी आणि तिघांची उत्तरे असतील. दराचा रकाना शेवटी ठेवला आहे. कृपया डावीकडून वाचत या. आणि तिघांपैकी एकही त्या तक्त्यात बसत नसेल, तर यंदा भिंत नको म्हणा. मुले रागावतील, वर्षभराने विसरतील. मखर आणि खुर्च्या आणखी एक वर्ष तिथे सुखाने राहतील.

मुलांना मात्र माझे सांगणे आहे, तुम्ही मागितलेत ते योग्यच मागितलेत. लिंगाण्यावर चढताना आम्ही जो दोर वापरत होतो, तो कोणी कसा तपासला होता हे आम्ही विचारले नव्हते. नशीब म्हणून वर गेलो आणि खाली आलो. तुमच्या वाट्याला नशीब नको, तपासलेला बोल्ट यावा, एवढ्यासाठी आम्ही म्हातारे हा सगळा खटाटोप करत आहोत.

बोलताना कोणी दुखावले गेले असेल तर मोठ्या मनाने क्षमा करावी. 

गणपती बाप्पा मोरया!